एफ-ड्रॉइडवर आपलं ॲप कसं आणायचं: सोर्सपासून यादीत नाव दिसेपर्यंत

ॲप लिहून झालं, गिटहबवर टाकलं, आता ते एफ-ड्रॉइडवर टाकायचंय तर अपलोड कुठून करायचं, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सगळं बसून नीट लिहून काढावं म्हटलं. एफ-ड्रॉइड म्हणजे सोर्स खुला असलेली मुक्त ॲप्सच देणारं अँड्रॉइडचं ॲप-भांडार. तर पहिली गोष्ट म्हणजे तिथं अपलोड असं काही नसतंच. प्ले स्टोअरला आपण २५ डॉलर भरून खातं काढतो आणि तयार पॅकेज चढवतो. एफ-ड्रॉइडला फी नाही, डेव्हलपरचं खातं नाही, आणि तुमची एपीके (तयार ॲपची फाईल) ते नुसती घेऊन लावत नाहीत. गिटलॅबवर त्यांचा एक सार्वजनिक रेपो आहे, एफड्रॉइडडेटा नावाचा, त्यात प्रत्येक ॲपची एक छोटी फाईल असते, ॲपचा सोर्स कुठे आहे, लायसन्स कोणतं, कुठल्या कमिटवरून (गिटमधल्या कुठल्या नोंदीवरून) कसं बिल्ड करायचं, म्हणजे सोर्सपासून ॲप कसं बनवायचं, एवढं सांगणारी. ती वाचून त्यांचा सर्व्हर तुमचा सोर्स उतरवून घेतो आणि स्वतः ॲप बिल्ड करतो. २०१० साली कियारन गल्टनिक्स यांनी हे सुरू केलं तेव्हापासून पाया तोच आहे, वापरणाऱ्याच्या फोनमध्ये जे जातं ते सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्समधूनच आलेलं असलं पाहिजे.

म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपतं. तुमच्या लॅपटॉपला हात न लावता आणि तुम्हाला एकही फोन न करता एखाद्या अनोळखी माणसाला तुमचं ॲप बिल्ड करता आलं पाहिजे. खाली जे जे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे. कुठे अडलात तर आधी हाच प्रश्न विचारा, की हे माझ्याशिवाय होईल का, बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं.

उदाहरण म्हणून माझंच ॲप घेतो. माझ्या काकांच्या गोठ्यातल्या दुधाचा हिशोब ठेवायला केलेलं आहे, सकाळ-संध्याकाळ किती लिटर गेलं, फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, दर काय मिळाला आणि दहा दिवसांनी येणारं बिल या नोंदींशी जुळतंय का. इंटरनेट लागत नाही, जाहिरात नाही. असल्या ॲपला काय अडचण येणार असं मला वाटलं होतं, पण पहिल्याच खेपेला चार ठिकाणी अडलं.

(कमांड आणि फाईलींची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.)

आधी लायसन्स, आणि फक्त कोडचं नाही

रेपोच्या मुळाशी लायसन्सची फाईल पाहिजे. नुसतं रीडमीमध्ये "हे ॲप फ्री आहे" असं लिहून भागत नाही, कारण लायसन्स नसलेला कोड सगळ्यांना दिसत असला तरी कायद्यानं सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. जीपीएल, अपाची, एमआयटी, एजीपीएल, मोझिला यातलं कुठलंही चालतं. जीपीएल ३ घेत असाल तर "फक्त ३" की "३ किंवा पुढची कुठलीही" हे आत्ताच ठरवा, कारण पुढे एफड्रॉइडडेटाच्या फाईलमध्ये लायसन्सचं ठरलेलं संक्षिप्त नाव लिहावं लागतं आणि ते दोन्हीचं वेगळं आहे, नुसतं जीपीएल ३ लिहिलं तर विचारणा होते.

पण आपल्या मराठी ॲपवाल्यांचं जास्त वेळा अडतं ते कोडवर नाही, कोडसोबत ठेवलेल्या बाकीच्या सामानावर. फाँट घ्या. कुठून तरी एक छान देवनागरी फाँट उतरवलेला असतो, तो असेट्समध्ये टाकलेला असतो, आणि त्याचं लायसन्स काय हे कुणालाच माहीत नसतं. असा फाँट काढून टाका. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' नावाचे फाँट, गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी, किंवा लोहित देवनागरी, हे सगळे ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, यातला एक घ्या आणि त्याची लायसन्स फाईल फाँटच्या शेजारीच ठेवा.

दुसरं म्हणजे मजकूर. अभंग, आरत्या, शब्दकोश असली ॲप्स आपल्याकडे भरपूर होतात. तुकोबांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत, मोल्सवर्थचा कोश १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा असेल तर त्यालाही अडचण नाही. पण एखाद्या प्रकाशनाने अलीकडे छापलेला अर्थ किंवा टीपा जशाच्या तशा घातल्या असतील तर तो त्यांचा हक्क आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे आजोबांच्या कपाटातलं पुस्तक जुनं दिसतंय एवढ्यावर जाऊ नका, लेखक कधी गेले ते बघा. चित्रं आणि आवाज यांचंही तसंच. क्रिएटिव्ह कॉमन्सचं "व्यावसायिक वापर नको" वालं लायसन्स असेल तर ॲप बाहेर फेकत नाहीत, पण त्याच्यावर असेट्स मुक्त नाहीत असा शिक्का लागतो.

नको ते सामान काढणं

ही सगळ्यात मोठी पायरी, इथं वेळ द्या. एफ-ड्रॉइडचा नियम असा की ॲपमध्ये जाणारी प्रत्येक लायब्ररी मुक्त पाहिजे. प्ले सर्व्हिसेस, फायरबेस, क्रॅशलिटिक्स, ॲडमॉब यातलं काही असेल तर थेट अडतं. बिल्डच्या आधी त्यांचा एक स्कॅनर सोर्स चाळतो, ग्रेडलच्या (अँड्रॉइडच्या बिल्ड साधनाच्या) फाईलींमध्ये ही नावं शोधतो, आणि रेपोत आधीच तयार करून ठेवलेल्या जार, एएआर, एसओ असल्या बायनरी फाईली पडल्यात का तेही बघतो.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. डेअरीवर मिळणाऱ्या पावतीचा फोटो काढला की आकडे आपोआप भरले जावेत म्हणून मी गूगलचं एमएल किट घातलं होतं. काम छान करायचं. पण ते मुक्त सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे स्कॅनरने लगेच पकडलं. पर्याय म्हणून टेसरॅक्ट होतं, ते अपाची लायसन्सखाली आहे, पण धूसर छापलेल्या पावतीवर मला हवं तसं चालेना. शेवटी मी ती सोय एफ-ड्रॉइडच्या आवृत्तीतून काढली आणि त्याऐवजी आकडे भरायचे रकाने मोठे केले, आकड्यांचा कीबोर्ड थेट उघडेल असं केलं. काकांना तेच जास्त आवडलं. (तुम्हाला नुसता क्यूआर किंवा बारकोड वाचायचा असेल तर झेडएक्सिंग आहे, ते मुक्त आहे आणि व्यवस्थित चालतं.)

आणि एमएल किट काढल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, ॲपला इंटरनेटची परवानगी लागत होती आणि ती मी मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या वगैरे लिहायच्या फाईलमध्ये) कधी लिहिलीच नव्हती. लायब्ररी आपल्या परवानग्या आपल्या मॅनिफेस्टमध्ये मिसळतात, म्हणून बिल्ड झालेल्या एपीकेमधल्या परवानग्या एकदा उघडून बघाच. तपासणारे लोक हे बघतात, आणि दुधाच्या हिशोबाला इंटरनेट कशाला असं विचारतात, बरोबरच आहे त्यांचं.

तुम्हाला प्ले स्टोअरवरही तेच ॲप ठेवायचं असेल आणि तिथं फायरबेस हवंच असेल तर ग्रेडलमध्ये दोन फ्लेवर (एकाच सोर्समधून निघणाऱ्या दोन आवृत्त्या) करा, एक मुक्त आणि एक प्लेसाठी, मुक्त फ्लेवरमध्ये त्या लायब्ररीचं नावही येऊ देऊ नका. एफ-ड्रॉइडला फक्त मुक्त फ्लेवर बिल्ड करायला सांगता येतं. मात्र असा जोडधंदा सांभाळायला पुढे जड जातं, मी तरी म्हणेन की शक्य असेल तर सगळीकडे एकच मुक्त आवृत्ती ठेवा.

लायब्ररी कुठून येते तेही महत्त्वाचं. मेव्हन सेंट्रल चालतं, गूगलचं मेव्हन चालतं (त्यातली प्रत्येक लायब्ररी मुक्त असतेच असं नाही, हे ध्यानात ठेवा), पण कुणाच्या तरी खासगी सर्व्हरवरून येत असेल तर अडतं. लिब्ज फोल्डरमध्ये मित्राने दिलेली जार टाकली असेल तर तिचा मूळ प्रोजेक्ट शोधून डिपेंडन्सी म्हणून जोडा. ग्रेडल रॅपरच्या जारची चिंता नको, ते लोक स्वतःचं ग्रेडल वापरतात.

अँटी-फीचर नावाचा जो प्रकार आहे त्याला घाबरू नका. तुमचं ॲप एखाद्या बंदिस्त ऑनलाइन सेवेवर चालत असेल, जाहिरात दाखवत असेल, न विचारता माहिती पाठवत असेल, तर यादीत त्या ॲपच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं जातं. याचा अर्थ नाकारलं असा नाही. पण आपणहून आधीच सांगा, तपासणाऱ्याने शोधून काढायची वेळ आणू नका.

आयडी, आवृत्ती, टॅग

ॲप्लिकेशन आयडी एकदा ठरला की ठरला, नंतर बदललात तर ते फोनच्या दृष्टीने वेगळंच ॲप. त्यामुळे कॉम डॉट एक्झाम्पल वगैरे ठेवू नका आणि जो डोमेन आपला नाही त्याचं नाव वापरू नका. स्वतःचा डोमेन नसेल तर आयओ डॉट गिटहब, मग तुमचं गिटहबचं नाव, मग ॲपचं नाव, हे सरळ आणि मान्य.

व्हर्जन कोड आणि व्हर्जन नेम ग्रेडलच्या फाईलमध्ये साध्या आकड्यात आणि साध्या अक्षरात लिहा. काही जण कमिट मोजून किंवा आजच्या तारखेवरून व्हर्जन कोड काढतात, दिसायला हुशारीचं असतं पण नवीन आवृत्ती आली का हे बघणारा एफ-ड्रॉइडचा बॉट ग्रेडल चालवत नाही, तो फाईल नुसती वाचतो, त्यामुळे त्याला आकडा सापडत नाही. फ्लटरवाल्यांचा आकडा पबस्पेक फाईलमध्ये असतो, तो कुठून काढायचा ते एफड्रॉइडडेटातल्या आपल्या फाईलमध्ये (तिलाच मेटाडेटा म्हणतात) एका ओळीत सांगावं लागतं, दुसऱ्या एखाद्या फ्लटर ॲपची फाईल उघडा, नमुना तिथंच मिळेल.

प्रत्येक आवृत्तीला गिटचा टॅग, म्हणजे त्या कमिटला दिलेलं नाव, पाहिजे. टॅग लावला, पुश केला की त्याला परत हात लावायचा नाही. चूक सापडली तर टॅग सरकवू नका, नवीन आकडा टाकून नवीन टॅग काढा.

वर्णन आणि स्क्रीनशॉट, मराठीतसुद्धा

ॲपचं नाव, वर्णन, चित्रं हे सगळं एफ-ड्रॉइड तुमच्याच रेपोतून उचलतो. रेपोत फास्टलेन, त्यात मेटाडेटा, त्यात अँड्रॉइड, आणि त्याच्या आत प्रत्येक भाषेचा एक फोल्डर, अशी रचना. इंग्रजीचा ईएन-यूएस फोल्डर ठेवाच, कारण एखाद्या भाषेत मजकूर नसेल तर तिथूनच घेतला जातो. मराठीचा फोल्डर एमआर-आयएन. प्रत्येकात टायटल, शॉर्ट डिस्क्रिप्शन, फुल डिस्क्रिप्शन अशा तीन मजकूर फाईली, इमेजेस फोल्डरमध्ये आयकॉन आणि फोन स्क्रीनशॉट्स, आणि चेंजलॉग्ज फोल्डरमध्ये प्रत्येक आवृत्तीची एक फाईल, जिचं नाव म्हणजे त्या आवृत्तीचा व्हर्जन कोड. व्हर्जन कोड ३ असेल तर फाईल ३ डॉट टीएक्सटी, व्हर्जन नेम टाकलंत तर ती दिसणारच नाही.

आता मर्यादा बघा. नावाला ५० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४०००, बदलांच्या नोंदीला ५००. इथं मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं वेगळं अक्षर म्हणून मोजतो. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द आपण म्हणताना शे-त-क-ऱ्यां-सा-ठी, सहा अक्षरांचा. संगणकाला तो १३ चा दिसतो. म्हणजे ८० मध्ये आपली चाळीसेक अक्षरंच बसतात, आणि जास्त झालं तर ते कुणी विचारत नाही, मजकूर सरळ तिथंच कापला जातो, मग शेवटचा शब्द अर्धवट लटकतो. माझं पहिलं वर्णन "गोठ्यातल्या दुधाची रोजची नोंद आणि दहा दिवसांच्या बिलाचा हिशोब ठेवणारं इंटरनेटशिवाय चालणारं ॲप" असं होतं, ते "इंटरनेटशिव" इथंच तुटलं. "दुधाची रोजची नोंद आणि बिलाचा हिशोब, इंटरनेटशिवाय" एवढं पुरलं. छोट्या वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम देऊ नका, लिंट (चुका शोधणारं साधन) त्यावर बोट ठेवतं.

मराठी वर्णन लिहायला कंटाळू नका, मनापासून सांगतो. ज्या माणसासाठी ॲप केलंय त्याच्या फोनची भाषा मराठी असेल तर त्याला यादीत मराठीच दिसतं, आणि एसएनएफचा हिशोब ठेवणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं. स्क्रीनशॉटही मराठी मेन्यूचेच टाका. फक्त इंग्रजी नाव मराठीत घेताना ॲपच्या आत जे लिहिलंय तेच बाहेर लिहा.

आणि हे सगळं टॅग लावायच्या आधी कमिट करायचं. टॅगनंतर टाकलेलं वर्णन पुढच्या आवृत्तीपर्यंत दिसत नाही, मी हीच चूक केली होती आणि पहिली आवृत्ती बिनस्क्रीनशॉटची गेली.

सही कुणाची, हे आत्ताच ठरवा

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक एपीकेवर एका किल्लीची सही असते आणि जुन्या ॲपवर नवीन आवृत्ती बसायला दोन्हीवर सही एकच लागते. काही वेगळं सांगितलं नाही तर एफ-ड्रॉइड स्वतःच्या किल्लीने सही करतं. मग ज्यांनी आधी तुमच्या गिटहबवरून एपीके घेतली होती त्यांना एफ-ड्रॉइडवरची आवृत्ती वरून बसवता येत नाही, जुनं काढावं लागतं आणि आतल्या नोंदी जातात. काकांच्या फोनमध्ये आठ महिन्यांचं दूध होतं. त्या नोंदी बाहेर काढायची सोय ॲपमध्ये नव्हती, ती मी आधी लिहिली आणि मगच पुढे गेलो.

दुसरा रस्ता म्हणजे रिप्रोड्युसिबल बिल्ड. तुम्ही बिल्ड केलेली एपीके आणि त्यांनी त्याच सोर्समधून बिल्ड केलेली, सही वगळून शेवटच्या बाइटपर्यंत सारखी निघाली तर ते तुमच्या सहीचीच एपीके यादीत देतात. नवीन ॲपला हाच रस्ता घ्या असं माझं ठाम मत आहे, कारण नंतर बदलणं फार अवघड जातं. वापरणाऱ्याचाही फायदा आहे, दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बिल्ड केलेलं एकच निघालं म्हणजे मध्ये कुणी काही घुसवलेलं नाही याची खात्री.

यासाठी करायचं काय, तर रिलीजची एपीके लिनक्सवर बिल्ड करा, विंडोजवर ओळी संपवायची पद्धत वेगळी असल्याने फरक पडू शकतो. कामाच्या फोल्डरमध्ये अर्धवट बदल असताना बिल्ड करू नका, टॅगवरून नवीन क्लोन घ्या. जेडीकेची आवृत्ती तीच ठेवा. ग्रेडलमध्ये डिपेंडन्सीज इन्फोचा जो भाग असतो तो एपीकेत घालू नका असं सांगा, अँड्रॉइडची बिल्ड साधनं तिथं डिपेंडन्सीची यादी गूगलच्या किल्लीने कुलूपबंद करून टाकतात, ती इतर कुणालाच वाचता येत नाही, म्हणून एफ-ड्रॉइडला ती नको असते. फरक आलाच तर डिफोस्कोप नावाचं साधन दोन एपीके शेजारी ठेवून नेमकं काय वेगळंय ते दाखवतं. मग मेटाडेटात दोन गोष्टी लिहायच्या, तुमची एपीके कुठून उतरवायची तो पत्ता (आवृत्तीच्या जागी टक्का आणि व्ही) आणि तुमच्या सहीच्या प्रमाणपत्राचा शा-२५६ ठसा. हा ठसा एपीकेसाइनर व्हेरिफायच्या कमांडने मिळतो.

किल्लीची फाईल आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या जागी जपून ठेवा, ती हरवली तर त्या ॲपला पुढे अपडेट देता येत नाही.

मेटाडेटाची फाईल

गिटलॅबवर खातं काढा, एफड्रॉइडडेटा फोर्क करा (त्याची स्वतःच्या खात्यात प्रत काढा), ॲपच्या आयडीच्या नावाने एक ब्रँच काढा. मेटाडेटा फोल्डरमध्ये तुमच्या ॲप्लिकेशन आयडीच्या नावाची वायएमएल फाईल तयार करा. कोऱ्या फाईलपासून सुरू करू नका, टेम्प्लेट्स दिलेले आहेत, किंवा आपल्यासारख्याच एखाद्या साध्या ॲपची फाईल समोर ठेवा.

त्यात वरून खाली कॅटेगरीज (ठरलेल्या यादीतूनच), लायसन्स, सोर्स कोडचा पत्ता, इश्यू ट्रॅकरचा पत्ता, रेपोचा प्रकार गिट आणि रेपोचा पत्ता. मग बिल्ड्सखाली व्हर्जन नेम, व्हर्जन कोड, कमिट, सबडिर म्हणजे बहुतेकांचं ॲप नावाचं फोल्डर, आणि ग्रेडल येस, फ्लेवर असेल तर येसऐवजी त्याचं नाव. कमिटच्या जागी टॅगचं नाव न लिहिता ४० अक्षरांचा पूर्ण हॅश लिहा, टॅग हलवता येतो, हॅश हलत नाही. शेवटी ऑटो अपडेट मोड व्हर्जन, अपडेट चेक मोड टॅग्ज, आणि सध्याची आवृत्ती. वर्णन इथं लिहायचं नाही, ते तुमच्या रेपोत आहे.

वायएमएलमध्ये जागा सोडायला टॅबची कळ वापरू नका, स्पेसच.

मग तपासणी. एफड्रॉइडसर्व्हर नावाचं त्यांचं साधन आहे, डेबियन-उबंटूवर मिळतं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्ये लिनक्स चालवायच्या सोयीत) घ्यावं. एफड्रॉइड रीडमेटा फाईल वाचता येते का बघतं, रीराइटमेटा ती ठरलेल्या साच्यात लिहून देतं, लिंट बारीकसारीक चुका दाखवतं, चेकअपडेट्सने बॉटला तुमची आवृत्ती सापडेल का ते कळतं, आणि एफड्रॉइड बिल्ड प्रत्यक्ष ॲप बिल्ड करून बघतं. हे सगळं जमेना तर फोर्कमध्ये पुश केल्यावर गिटलॅबची पाइपलाइन (आपोआप चालणारी तपासणी) हीच कामं करते. नवीन गिटलॅब खात्याला पाइपलाइन चालवायला फोनची किंवा कार्डाची पडताळणी मागितली जाऊ शकते, कार्ड द्यायचं नसेल तर स्वतःच्या मशीनवर बिल्ड करा आणि तसं मर्ज रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मूळ रेपोत घ्या अशी विनंती) स्पष्ट लिहा.

पाइपलाइन लाल झाली तर लॉगची शेवटची ओळ वाचून थांबू नका. शेवटी नेहमी बिल्ड फेल झालं एवढंच असतं, खरं कारण पन्नास-शंभर ओळी वर असतं.

मर्ज रिक्वेस्ट आणि तपासणारी माणसं

कमिटचा संदेश "न्यू ॲप" आणि पुढे ॲपचं नाव असा साधा ठेवा. मर्ज रिक्वेस्ट उघडली की त्यांचा साचा येतो, चौकोनांची यादी असते, नियमात बसतंय का, मूळ लेखकाला कळवलंय का, पाइपलाइन पास आहे का, फास्टलेन आहे का, टॅग आहेत का. जे खरंच केलंय त्यालाच खूण करा. ॲप दुसऱ्याचं असेल तर त्याच्या रेपोत आधी इश्यू टाकून विचारा आणि तो दुवा इथं द्या, त्याचा विरोध असेल तर विषय संपला. मर्ज करणाऱ्यांना तुमच्या ब्रँचवर कमिट करू देण्याची खूण चालू ठेवा, एखादी स्पेस चुकली असेल तर तेच दुरुस्त करतात आणि दोन दिवस वाचतात.

फाईल लिहिणं अजिबातच जमणार नसेल तर आरएफपी नावाच्या वेगळ्या रेपोत नुसती विनंती टाकता येते, कुणी तरी स्वयंसेवक उचलेल तेव्हा उचलेल, तिथली रांग फार मोठी आहे. स्वतः फाईल लिहिलेलीच बरी.

तपासणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. ते विचारतात ते थोडक्यात आणि कोरडं वाटतं, "ही परवानगी का?", "ही जार कशाला?" एवढंच. मनाला लावून घेऊ नका. मला पाच प्रश्न आले, त्यातल्या तीनमुळे ॲप खरंच सुधारलं. उत्तर त्याच धाग्यात द्या, दुरुस्ती त्याच ब्रँचवर पुश करा, नवी मर्ज रिक्वेस्ट उघडू नका. सोर्समध्ये बदल करावा लागला तर नवीन टॅग काढून इथला हॅश आणि आकडे बदला. रोज "काही झालं का" विचारू नका, पण पंधरा-वीस दिवस काहीच हालचाल नसेल तर एकदा नम्रपणे आठवण करायला हरकत नाही.

मर्ज झालं, मग?

लगेच दिसत नाही. बिल्डची पाळी यावी लागते आणि सहीचं काम इंटरनेटला न जोडलेल्या मशीनवर होतं, त्यामुळे काही दिवस जातात. तोवर त्यांच्या मॉनिटरच्या पानावर आपलं बिल्ड झालं का पडलं ते बघता येतं. रिप्रोड्युसिबल ठेवलं असेल आणि दोन्ही एपीके जुळल्या नाहीत तर ती आवृत्ती यादीत येतच नाही, म्हणून पहिले काही दिवस तिकडे लक्ष ठेवा.

तोवर लोकांना द्यायचं असेल तर इझीऑनड्रॉइड हा वेगळा रेपो आहे, तो डेव्हलपरच्या सहीची एपीके थेट घेतो, त्याचेही मुक्त सॉफ्टवेअरचे नियम आहेत आणि आकाराची मर्यादा आहे.

पुढच्या आवृत्तीला मात्र मर्ज रिक्वेस्ट लागत नाही. व्हर्जन कोड वाढवा, त्या आकड्याची चेंजलॉग फाईल दोन्ही भाषांत लिहा, टॅग लावा, रिप्रोड्युसिबल असेल तर सही केलेली एपीके त्याच टॅगच्या रिलीजला जोडा. बॉट टॅग बघतो, मेटाडेटात नवीन बिल्ड स्वतः लिहितो. आठवडा होऊनही आली नाही तर आधी आकडा वाढवलाय का बघा, मग टॅग खरंच पुश झालाय का बघा (नुसतं गिट पुश केलं की टॅग जात नाहीत, ते वेगळे पुश करावे लागतात), आणि दोन्ही बरोबर असेल तर बिल्डचा लॉग. नवीन लायब्ररी घातली असेल किंवा ग्रेडलची आवृत्ती बदलली असेल तर बहुतेक तिथंच अडलेलं असतं, आणि मग मेटाडेटाच्या फाईलमध्ये छोटी दुरुस्ती करून मर्ज रिक्वेस्ट पाठवायची, यावेळी रस्ता माहीत असतो.

माझ्या १.१ मध्ये म्हशीचं आणि गाईचं दूध वेगळं लिहायची सोय होती. टॅग पुश केला आणि कामाला लागलो, पाच दिवसांनी काकांचाच फोन आला, "अरे, आता म्हशीचा रकाना वेगळा दिसतोय."